डेअरीचे कूपन : भांडुपच्या एका गल्लीतील खासगी सुट्ट्या पैशांचे प्रकरण

भांडुप पश्चिमेला, स्टेशनपासून शेअर रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या एका गल्लीत २०१३ ते २०१८ या काळात एका डेअरीने सुट्ट्या पैशांऐवजी स्वतःची छापील कूपने दिली आणि ती हळूहळू डेअरीच्या उंबरठ्याबाहेरही चालू लागली. हे प्रकरण कोणा एका दुकानाचा वृत्तान्त नाही. मुंबईच्या उपनगरांत त्या काळी होणारे व्यवहार एकत्र करून ते अभ्यासासाठी बेतले आहे. गल्ली, डेअरी, माणसे आणि त्यांचे हिशेब काल्पनिक आहेत, कायदे, तारखा व सरकारी आकडे मात्र खरे आहेत. प्रश्न असा की, ज्या जाड कागदाच्या तुकड्यावर ना सरकारची मुद्रा होती ना बँकेची सही, तो पाच वर्षे पैशाचे काम करत असताना नेमका कधी पैसा झाला, कधी नुसता उधारीचा पुरावा राहिला, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता.

टंचाईची पार्श्वभूमी

३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील नाणी चलनातून बाद झाली. ५० पैशांचे नाणे कायद्याने चालू राहिले, तरी मुंबईत ते कोणी घेईनासे झाले होते. रिक्षाचे किमान भाडे ऑक्टोबर २०१२ मध्ये १५ रुपये, ऑगस्ट २०१४ मध्ये १७ आणि जून २०१५ मध्ये १८ रुपये झाले. म्हणजे वीसची नोट पुढे करणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला दोन-तीन रुपये परत देण्याची पाळी रिक्षावाल्यावर येऊ लागली. दुधाच्या पिशव्यांचे भावही असेच आडनिडे. नाणी फोर्टातल्या टांकसाळीत पाडली जात होतीच, मुंबईच्या टांकसाळीची खूण असलेला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका वर्षाखाली घेऊन ती बाजारात येतही होती. पण छोट्या नाण्याची गती एकाच दिशेची असते. ते दुकानातून ग्राहकाकडे जाते आणि घरातल्या डब्यात, देवळाच्या पेटीत, गाडीच्या कप्प्यात पडून राहते. परत दुकानात आणण्याइतकी त्याची किंमत कोणाला वाटत नाही.

त्यामुळे चिल्लरीचा एक वेगळा बाजार तयार झाला. नाणी साठवणाऱ्याकडून शंभराची चिल्लर हवी असेल तर नोट शंभराहून जास्तीची द्यावी लागे, आणि हे कमिशन दुकानदार निमूटपणे देत, कारण सुट्ट्यांअभावी परत जाणारे गिऱ्हाईक त्याहून महाग पडत असे. एकाच सरकारच्या, एकाच रकमेच्या, सारख्याच कायदेशीर असलेल्या दोन रूपांची बाजारात किंमत वेगळी होती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. पैसा एकजिनसी असतो हे गृहीतक गल्लीतल्या कोणाही वाण्याने तेव्हाच सोडून दिले होते.

डेअरीच्या मालकांनी आधी सगळ्यांप्रमाणे एक्लेअरच्या गोळ्या ठेवल्या. रुपया परत द्यायचा असला की गोळी हातावर ठेवायची. यावर गल्लीतल्या एका वहिनींनी घेतलेला आक्षेप अर्थशास्त्राच्या कोणत्याही व्याख्येइतका नेमका होता. चार दिवस साठवलेल्या पाच गोळ्या त्यांनी दह्याच्या पैशांत पुढे केल्या आणि म्हणाल्या, “काका, देताना ही रुपयाची, मग घेताना का नाही?” काकांनी गोळ्या घेतल्या नाहीत. त्या क्षणी गोळी पैशाची जागा घेणारी वस्तू नसून सक्तीने विकलेला माल आहे हे उघड झाले. देणारा जे स्वतः परत घ्यायला तयार नाही, ते चलन म्हणून एका हाताच्या पुढे जात नाही. गोळीवर दुकानदाराला नफाही सुटतो, हे त्या वहिनींनी सौजन्याने बोलून दाखवले नाही.

कूपन

२०१३ च्या सुरुवातीला मालकांनी जवळच्या छापखान्यातून रंगीत जाड कागदावर १, २ आणि ५ रुपयांची कूपने छापून घेतली. पहिली छपाई ६,००० रुपयांची होती. प्रत्येकावर डेअरीचे नाव, रक्कम, “या दुकानातून एवढ्या रकमेचा माल मिळेल” एवढे एक वाक्य, रबरी शिक्का आणि हिरव्या शाईतली सही होती. ग्राहकाचे नाव नव्हते आणि मुदतही नव्हती. पुढे जे घडले त्याची बीजे या दोन अभावांत आहेत. नाव नसल्यामुळे कूपन ज्याच्या हाती त्याचे झाले. मुदत नसल्यामुळे ते साठवता आले.

डेअरीच्या वहीकडे पाहिले तर कूपन देणे म्हणजे ग्राहकाकडून बिनव्याजी उसने घेणे होते. वीस रुपये घेऊन अठराचे दूध दिले आणि दोनचे कूपन दिले, तर ते दोन रुपये कूपन परत येईपर्यंत मालकांच्या गल्ल्यात राहतात. बाहेर फिरणाऱ्या कूपनांची रक्कम साधारण ४,००० रुपयांवर स्थिरावली असे धरले, तर तेवढे भांडवल त्यांना कायमचे फुकट मिळाले. शिवाय काही कूपने धुण्याच्या यंत्रात विरघळतात, काही गावी जाणाऱ्यांच्या पाकिटात राहतात आणि कधीच परत येत नाहीत. चलन काढणाऱ्या प्रत्येकाला असा लाभ मिळतो. सरकारला तो नोटांवर भरघोस मिळतो आणि लहान नाण्यांवर कधी उलटतो. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात उघड झालेल्या आकड्यांनुसार एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. मालकांचे रुपयाचे कूपन त्या मानाने कितीतरी स्वस्तात पडले. छोट्या रकमेचे चलन सरकारला तोट्यात पडते आणि दुकानदाराला नफ्यात, हे टंचाईच्या काळात खासगी सुटे पुन्हा पुन्हा का उगवतात याचे, माझ्या मते, पुरेसे कारण आहे.

उंबरठ्याबाहेर

कूपन डेअरीबाहेर पहिल्यांदा घेतले ते कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवरच्या मावशींनी. त्यात भोळेपणा नव्हता. चहासाठी त्या रोज याच डेअरीतून चार लिटर दूध उचलत, म्हणजे त्यांच्याकडे आलेले कूपन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या खर्चात वळते होत असे. त्यांच्या दृष्टीने पाचचे कूपन आणि पाचचे नाणे यांत काडीचाही फरक नव्हता. उलट, नाणी मोजून देण्यापेक्षा कूपनांची गड्डी देणे सोपे होते. त्यांच्यामागोमाग इस्त्रीवाल्याने कूपने घेतली, कारण त्याच्या घरी दूध तिथूनच येई. पानवाला गल्लीबाहेर राहत असल्याने पाचचे कूपन चार रुपयांना धरी. रिक्षावाल्यांमध्ये जे गल्लीत राहत ते घेत, स्टेशनवरचे हसून परत करत.

या मर्यादा नकाशावर आखता आल्या असत्या. डेअरीपासून दूर जावे तशी कूपनाची किंमत घटत गेली आणि स्टेशनच्या पुलापाशी ती शून्य झाली. ती अंतरामुळे मात्र घटत नव्हती. घेणाऱ्याला ते कूपन मूळ दुकानात परत नेण्याची किती गरज व सोय आहे, यावरून ती ठरत होती. मावशींना पूर्ण किंमत, पानवाल्याला ऐंशी टक्के, परक्या रिक्षावाल्याला काहीच नाही. सराफ बाजारात दूरच्या पेढीवरच्या हुंडीला, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीला, जो बट्टा (कपात) लागत असे, तोच हा पानवाल्याचा एक रुपया; त्याने हे शास्त्र कुठेही शिकलेले नव्हते.

त्याच काळात मुंबईत अशाच जातीची आणखी दोन साधने होती, त्यांच्याशी तुलना उपयोगी ठरते. उपनगरी रेल्वेची सीव्हीएम कूपने आगाऊ पैसे भरून पुस्तिकेच्या रूपात मिळत आणि स्टेशनवरच्या यंत्रात छापून घेतली की त्यांचे तिकीट होई. २०१५ च्या सुमारास ती बंद झाली. एकदा ठसा उमटला की ती संपत, म्हणून ती हातोहात फिरण्यासारखी नव्हती. दुसरी, कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना देत ती सोडेक्सोसारखी जेवणाची कूपने. त्यांना आयकरात जेवणामागे ५० रुपयांपर्यंत सवलत होती ती याच अटीवर की ती हस्तांतरणीय नसावीत आणि फक्त खाद्यपेयांच्या ठिकाणीच चालावीत. प्रत्यक्षात ठाण्या-मुलुंडच्या वाण्याकडे त्यांवर साबण-तेलही मिळे. कागदावर अहस्तांतरणीय असलेले साधन बाजाराने हस्तांतरणीय करून टाकले होते. डेअरीच्या कूपनाला तर अशी अटही नव्हती.

गिरणीचा गठ्ठा

खरा पेच २०१५ च्या दिवाळीनंतर आला. पिठाच्या गिरणीवाल्याने वर्षभर कूपने घेतली होती, पण त्याच्या घरी दूध दुसरीकडून येई. त्याने ती खर्च न करता रबर लावून ठेवली आणि एके दिवशी १,१४० रुपयांचा गठ्ठा घेऊन तो डेअरीत आला. त्याला दूध नको होते, रोख हवी होती. मालकांनी कूपनावरचे वाक्य दाखवले : माल मिळेल. गिरणीवाला म्हणाला, “काका, मी दळण रोखीत देतो, तुमचं कूपन रोख समजूनच घेतलं.” दोघांचेही खरे होते.

मालकांपुढे दोन मार्ग होते आणि दोन्हींत धोका होता. रोख नाकारली तर ही बातमी गल्लीत संध्याकाळपर्यंत पसरली असती, मावशी व इस्त्रीवाला वगळता बाकीच्यांनी कूपने घेणे थांबवले असते आणि ज्यांच्याकडे साठा होता ते सगळे एकाच आठवड्यात दूध-तूप-श्रीखंड उचलायला आले असते. रोख दिली असती तर कूपनाचे स्वरूपच बदलले असते. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३१ नुसार रिझर्व्ह बँक व केंद्र सरकार यांच्याखेरीज कोणालाही, धारकाने मागताच पैसे देण्याचे वचन देणारा दस्तऐवज, मग ती हुंडी असो वा वचनचिठ्ठी, काढता येत नाही. “जो आणील त्याला, आणील तेव्हा, रोख” हे वचन या देशात एकाच संस्थेने द्यायचे असते आणि ते आपल्या नोटांवर छापलेले असते. (एक रुपयाची नोट याला अपवाद आहे. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि कसलेही वचन नसते. कायद्याच्या नजरेत ती कागदी नाणेच आहे. ज्या रकमांची कूपने डेअरीने काढली, त्यांतल्या एक रुपयाच्या नोटेवर सरकारही वचन देत नाही, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.)

आगाऊ भरलेल्या रकमेच्या साधनांबाबत रिझर्व्ह बँकेचे वेगळे निर्देश आहेत. जे साधन काढणाऱ्याकडेच चालते, ज्यावर रोख मिळत नाही आणि ज्यातून तिसऱ्याचे पैसे चुकते करता येत नाहीत, ते बंद प्रणालीतले मानले जाते व त्याला बँकेची परवानगी लागत नाही. तेच साधन करार करून अनेक दुकानांत चालवायचे ठरले, की परवानगी लागते. डेअरीचे कूपन छापताना पहिल्या प्रकारात होते. मावशींनी ते घेतले तेव्हा कोणताही करार झाला नाही, मालकांनी कोणाला सांगितले नाही, तरी व्यवहारात ते दुसऱ्या प्रकाराकडे सरकले. कायदा कूपन काढणाऱ्याचा हेतू पाहतो. पैसेपण मात्र घेणाऱ्यांच्या सवयीतून येते. या दोहोंमधल्या फटीत हे प्रकरण दोन वर्षे सुखाने राहिले होते, ते गिरणीवाल्याने बाहेर काढले.

मालकांनी काढलेला तोडगा मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्यांनी रोख दिली नाही आणि नाकारलेही नाही. गिरणीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांची महिन्याची दुधाची बिले डेअरीकडे होती आणि त्या कुटुंबांचे दळणाचे पैसे गिरणीकडे येणे होते. तिघांच्या वह्या समोर ठेवून १,१४० रुपये वळते केले गेले : कूपने डेअरीत जमा, बिले चुकती, कुटुंबांनी दळणाच्या पैशांबरोबर या बिलांचे पैसेही गिरणीवाल्याला रोख द्यायचे. डेअरीच्या गल्ल्यातले एकही नाणे हलले नाही. मोठ्या बँका आपापसांतली बरीच देणी अशीच भागवतात आणि उरलेला फरक तेवढा रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर मिटवतात. त्यानंतर मालकांनी गिरणीवाल्याला महिन्याला दीडशेहून जास्त कूपने न घेण्याची विनंती केली. आपल्या चलनाचा परतावा किती पेलवेल याचा अंदाज त्यांना पहिल्यांदाच आला होता.

नोव्हेंबर २०१६

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा बाद झाल्या. सरकारी रुग्णालये, रेल्वेची तिकीट खिडकी, पेट्रोल पंप, स्मशाने आणि सरकारमान्य दूध केंद्रे यांना सुरुवातीला ७२ तासांची सवलत होती, ती पुढे वाढत गेली. आपली डेअरी खासगी असल्याने तिला ही सवलत नव्हती. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच सकाळी, जुनी पाचशेची नोट सरकारमान्य दूध केंद्रावर पैसा होती आणि शंभर पावलांवरच्या डेअरीत नव्हती. त्या आठवड्यात डेअरीचे पाचचे कूपन त्या नोटेपेक्षा जास्त ठिकाणी चालत होते.

नव्या दोन हजारच्या नोटेने दुसरे टोक गाठले. तिच्या कायदेशीरपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती, पण साठ रुपयांच्या दुधासाठी ती पुढे केली तर सुटे कुठून आणायचे? दोन-तीन ओळखीच्यांनी उरलेल्या १,९४० रुपयांची कूपनेच मागितली. मालकांनी दोन दिवस ती दिली आणि तिसऱ्या दिवशी थांबवली. त्यांच्या हिशेबात बाहेर फिरणारी रक्कम नऊ हजारांवर गेली होती. शिवाय हातात आलेल्या दोन हजारच्या नोटांवर घाऊक दूधवाला सुटे देत नव्हता, म्हणजे मालमत्ता मोठ्या नोटांत आणि देणे एक-दोन-पाचच्या तुकड्यांत अशी विषम अवस्था झाली होती. बँकांनाही अशाच प्रकारच्या विषमतेने गोत्यात आणलेले आहे.

कूपनांऐवजी त्यांनी वही उघडली. ज्याने दोन हजार दिले त्याच्या नावाने उरलेली रक्कम जमा, रोजचे दूध वजा. ग्राहकाच्या हक्कात कागदोपत्री काहीच फरक पडला नाही, मालकांच्या देण्यातही नाही. तरी जमा रक्कम पैसा राहिली नाही, कारण ती गल्लीत फिरू शकत नव्हती. वहीतल्या १,९४० रुपयांवर मावशींकडचा वडापाव मिळत नाही. नावाशी बांधलेली रक्कम देणेघेणे असते. नाव पुसून ती हातोहात जाऊ लागली की ती पैशासारखी वागू लागते. आपल्या बँक खात्यातली शिल्लकही खरे तर वहीतली नावापुढची नोंदच आहे. ती एका नावावरून दुसऱ्या नावावर विनासायास सरकवण्याची यंत्रणा मागे असल्यामुळे ती पैसा म्हणून चालते. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने हे सरकवणे रुपया-दोन रुपयांपर्यंत खाली आणले आणि डेअरीच्या कूपनाची गरजच संपत आली.

न परतलेली कूपने

२०१८ मध्ये मालकांच्या मुलाने दुकान हातात घेतले, क्यूआर कोडची पाटी लावली आणि नवी कूपने देणे बंद केले. जेवणाच्या कूपनांच्या बाबतीत हे काम नियामकाने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने केले होते : तिच्या ऑक्टोबर २०१७ च्या निर्देशांनी कागदी साधने काढणे थांबवले आणि जेवणाच्या कागदी कूपनांना ३१ डिसेंबर २०१७ पर्यंतच मुदत दिली. डेअरीत वर्षभरात बहुतेक कूपने परत आली. हिशेबाने १,३०० रुपयांची अजून बाहेर होती.

मुलाचे म्हणणे असे की दर्शनी भागात सूचना लावावी, तीन महिन्यांची मुदत द्यावी आणि नंतर ही रक्कम उत्पन्नात घ्यावी. वडिलांचे म्हणणे असे की कूपनावर मुदत छापलेली नाही, तेव्हा ती आता घालता येणार नाही. या वादात सरकारचे उदाहरण दोघांनाही वापरता येते. बाद झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के, परत आल्याचे रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या अहवालात नोंदले आहे. उरलेल्यांचे देणे आपोआप संपले नाही, ते संपवण्यासाठी संसदेला २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आपलेच छापील वचन मुदत घालून मागे घेणे चलन काढणाऱ्या सर्वोच्च संस्थेलाही कायद्याच्या आधाराखेरीज जमले नाही, तर डेअरीला ते एका पाटीने कसे जमावे? वडिलांची बाजू मला अधिक बळकट वाटते, आणि ती केवळ सचोटीसाठी नाही. पाच वर्षे ही कूपने चालली ती डेअरी ती कधीही नाकारणार नाही एवढ्याच भरवशावर. बाकी सगळ्यांना नाकारण्याचा हक्क होता, एकट्या डेअरीला नव्हता. मुदतीची पाटी लावणे म्हणजे तो हक्क मागाहून स्वतःकडे घेणे होय.

शेवटी ताळेबंदात १,३०० रुपये देणे म्हणूनच ठेवले गेले. जे कूपन येते त्याची रक्कम बिलातून वजा करतात आणि कूपन फाडून टाकतात.